मुलुंड पूर्वेचा जिप्सम सीलिंग मिस्त्री : जॉइंटचे तडे, पंख्याची कटोरी आणि साडेचार तारे

काम गेल्या दिवाळीच्या आधी झालं आणि परीक्षण आत्ता लिहितेय. सीलिंगच्या कामाला दुसऱ्याच दिवशी पाच तारे देऊन टाकण्यात काही अर्थ नसतो, रंग ओला असतो तोवर सगळ्यांचंच काम देखणं दिसतं. मध्ये एसीचा उन्हाळा गेला, एक अख्खा पावसाळा गेला, वरच्या घरात बारसं होऊन पाळणाही हलला. हॉलच्या छतावरच्या रेघा काही परत आल्या नाहीत. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

मिस्त्रीचं नाव आणि नंबर इथे देत नाही. त्यानेच सांगितलंय, "काकू, ओळखीनं येऊ दे माणसं, नाहीतर घोड्यावर (उंचावर काम करायच्या मचाणावर) उभा राहून दिवसभर फोनच घेत बसीन." कोल्हापूरकडचा आहे, चाळिशीचा असेल. मुलुंड-भांडुप-ठाणे एवढ्याच टापूत काम करतो. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी केलीत तर सापडेल.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटमधली, नऊ वर्षांची. ताबा मिळाल्यावर एका इंटीरियरवाल्याने हॉल, पॅसेज आणि बेडरूमला जिप्समचं फॉल्स सीलिंग, म्हणजे स्लॅबच्या खाली पत्र्याच्या सांगाड्यावर बसवलेलं बोर्डांचं छत, करून दिलं. मला खरं तर ते नको होतं, पण मुलाला प्रोफाइल लाईट, म्हणजे छतात बसवायचे लांब पट्टीसारखे दिवे, हवे होते. दोनेक वर्षांत हॉलमध्ये खिडकीकडून दाराकडे एक बारीक सरळ रेघ दिसायला लागली, मग तिला काटकोनात आणखी तीन. मी घरी ब्लाउज शिवते, हॉलच्या एका कोपऱ्यात मशीन आहे. मान मोकळी करायला वर बघितलं की ती रेघच दिसायची. रंगाऱ्याने वॉलपुट्टी भरून रंग मारून दिला, पुढच्या पावसाळ्यात रेघ जागेवर हजर. इंटीरियरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, शेजारी पायलिंग चालू आहे, पायासाठी जमिनीत खोल खांब घालतायत, बिल्डिंग हलते, आम्ही काय करणार?" सोसायटीतही हेच मत. मुलुंड पूर्वेला सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी इमारत पाडलेली किंवा उभी राहत असलेली दिसणारच, त्यामुळे घरातल्या कुठल्याही तड्याचं खापर फोडायला पायलिंग आयतंच मिळतं. एका मोबाईल ॲपवरून बोलावलेल्या माणसाने तर वर नीट बघितलंही नाही. "पूर्ण काढून नवीन करू" म्हणत हॉल आणि पॅसेजचे मिळून पंचेचाळीस हजार सांगितले आणि आगाऊ रक्कम मागितली.

या पार्श्वभूमीवर हा मिस्त्री आला तो ऑगस्टमध्ये, धो धो पावसात. मी म्हटलं, एवढ्या पावसात कशाला, उघडल्यावर या. त्याचं म्हणणं उलट होतं. बघायचं ते पावसातच, करायचं ते पाऊस गेल्यावर. ओल कुठून येते ते ऑक्टोबरच्या उन्हात दिसत नाही आणि ओल्या हवेत जॉइंट, म्हणजे दोन बोर्डांमधला सांधा, भरला तर तो वाळत नाही. बघायला येण्याचे पाचशे रुपये घेतो, काम दिलं तर बिलातून वजा करतो. आधी मला हे जरा जास्त वाटलं. नंतर तो तासाभराहून जास्त वेळ नुसता बघत होता, तेव्हा वाटेनासं झालं.

मी नेहमीप्रमाणे बोट दाखवत सुरुवात केली, हा इथे, तो तिथे. तो म्हणाला, "काकू, कुठं आहे ते नका सांगू, मला दिसतंय. कधी दिसायला लागला ते सांगा." आता हे कोण लिहून ठेवतं? पण आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती असतो आणि दरवर्षी मखरासमोर फोटो निघतात. मुलाच्या लॅपटॉपवर ते एकामागून एक लावले. मखराच्या वर छताचा तुकडा प्रत्येक फोटोत आलेला. मिस्त्रीने फोटो मोठा करून करून बघितले. सरळ रेघा जुन्या, दरवर्षी थोड्या लांबत गेलेल्या, आणि त्याही शेजारच्या प्लॉटवर मशीन येण्याच्या आधीपासूनच्या. पंख्याजवळची तिरकी चीर त्या रेघांनंतरची. पॅसेजच्या तोंडाशी जो तपकिरी कडेचा डाग होता तो मात्र आदल्या वर्षीपर्यंत कुठल्याच फोटोत नव्हता. इंटीरियरवाल्याचं पायलिंग तिथेच निकालात निघालं, तरी गडी तेवढ्यावर थांबला नाही. खिडक्यांचे कोपरे पाहिले, दाराच्या चौकटींच्या वरची भिंत पाहिली, फरशीच्या सांध्यांवरून हात फिरवला. इमारत खरंच हलली असती तर भिंतीच्या प्लास्टरला, खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरके तडे आले असते, दारं अडायला लागली असती. फक्त छताच्या बोर्डावर, चार-चार फुटांच्या मापात, फूटपट्टीने मारल्यागत सरळ रेघा येणं हा इमारतीचा दोष नव्हे, सीलिंगचा आहे. आणि हेही त्यानेच बजावलं, की बीमला किंवा स्लॅबला तडा दिसला तर मला बोलवू नका, स्ट्रक्चरल इंजिनीयरला बोलवा. (मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. आमची त्यात बसत नाही, पण जुन्या सोसायटीत राहणाऱ्यांनी छताचा तडा पुट्टीवाल्यावर सोडू नये.)

मग त्याने जे केलं ते मी कुणालाच करताना पाहिलं नव्हतं. हॉलमधला एक गोल लाईट स्प्रिंग दाबून खाली ओढला, त्या भोकातून मोबाईल आत घातला, टॉर्च चालू, व्हिडिओ चालू, आणि हात आतल्या आत गोल फिरवला. खाली येऊन तो व्हिडिओ मला दाखवला. वर स्लॅब कोरडा, स्वच्छ, एकही तडा नाही. खाली पत्र्याच्या पट्ट्या, वायरी, सिमेंटचे तुकडे आणि नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी पिऊन ठेवलेला चहाचा कागदी ग्लास. मिस्त्री ग्लास बघून हसला, मग एकदम गंभीर झाला. पत्र्याचे जे सेक्शन असतात, ज्यांवर बोर्ड स्क्रूने बसवतात, ते दोन-दोन फुटांवर होते. त्याच्या मते दीड फुटावर हवेत. मी नंतर जिप्रॉक या जिप्सम बोर्डांच्या ब्रँडच्या माहितीपुस्तिकेत बघितलं, तिथे 457 मिलिमीटर लिहिलंय, म्हणजे दीड फूट. माणूस पाठ केलेलं बोलत नव्हता, मापाचं बोलत होता.

स्क्रूचंही तेच. खिशातून एक लोहचुंबक काढला, जुन्या स्पीकरचा वाटला, आणि छतावर जॉइंटच्या कडेकडेने फिरवत गेला. जिथे चिकटला तिथे पेन्सिलने फुली. फुल्या दीड-दीड, कुठे दोन फुटांवर पडल्या. पुस्तकातलं माप 230 मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच, आणि बोर्डाच्या कडांना त्याहूनही जवळ. दोन फुल्यांच्या मध्ये त्याने तळहाताने बोर्ड वर ढकलला, तर बोर्ड वर गेला आणि सोडल्यावर खाली आला. त्याबरोबर रेघ मिटली आणि परत उघडली. खाली उभी राहून मला ती हालचाल स्पष्ट दिसली. हे बघितल्यावर पुट्टी का टिकली नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मुख्य दुखणं. जिप्सम बोर्ड सहसा सहा फूट बाय चार फूट येतो, जाडी साडेबारा मिलिमीटर. त्याच्या लांब कडा कारखान्यातूनच जरा पातळ उतरत्या केलेल्या असतात, म्हणजे दोन बोर्ड शेजारी लागले की मध्ये उथळ खोलगट जागा राहते आणि टेप व मसाला (सांधा भरायचं मिश्रण) त्यात बसून वरून सपाट होतो. आखूड कडा मात्र तशा नसतात, आणि कापलेली कड तर नसतेच नसते. तिथे टेप लावला की फुगवटा येतो, म्हणून आळशी माणूस तिथे टेपच लावत नाही. आमच्याकडे तेच झालेलं. शिवाय हे आखूड जॉइंट विटांच्या बांधकामात असतात तसे आलटून-पालटून पुढेमागे घ्यायचे असतात. आमच्या इंटीरियरवाल्याने सगळे एका ओळीत घेतले. म्हणून खिडकीपासून दारापर्यंत ती सोळा फुटी सलग रेघ. त्यातही ती ओळ सेक्शनवर न पडता दोन सेक्शनच्या मध्ये अधांतरी पडलेली. पाठीला आधार नाही, आत टेप नाही, आणि भरलंय काय, तर पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस.

पीओपीबद्दल मी विचारलं, कारण आमच्या माहेरच्या घरात पीओपीच्या नक्षीचं छत वर्षानुवर्षं होतं आणि त्याला काही झालं नव्हतं. शिवाय बोर्डही जिप्समचा आणि पीओपीही जिप्समचाच. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पीओपीची पावडर होते, पाणी घातलं की पुन्हा घट्ट दगड. मिस्त्रीचं उत्तर असं, की पीओपी वाईट नाही, जागा चुकीची आहे. तो पटकन आवळतो, कडक होतो आणि अजिबात लवत नाही. सलग ओतलेल्या छतात चालतं, पण दोन सुट्या बोर्डांच्या मधल्या फटीत तो बसवला की बोर्ड जरा हलताच तो एका बाजूने सुटतो. जॉइंटिंग कंपाउंड वेगळा मसाला असतो, कागदाला धरतो, थोडं सोसतो. पण खरा ताण मसाला घेत नाहीच, तो घेते टेप.

टेपवर तो बराच वेळ बोलला आणि मला ते पटलं, कारण ब्लाउजच्या गळ्याला आतून कॅनव्हासची पट्टी लावली नाही तर वरून कितीही टिपा मारा, गळा ताणतोच. बाजारात दोन टेपा मिळतात. एक पांढरी जाळीची, फायबरची, मागे चिकट असते, नुसती दाबली की बसते, म्हणून सगळ्यांची आवडती. दुसरी कागदाची, मधोमध घडीची खूण असलेली, तिला चिकट काही नसतं, मसाल्यातच बसवावी लागते. हा कागदाचीच वापरतो. जाळी थोडी ताणली जाते, कागद ताणला जात नाही. जाळी लावायचीच तर तिच्यावर पटकन आवळणारा कडक मसाला हवा, वाळत जाणाऱ्या तयार मसाल्याबरोबर ती टिकत नाही, असंही म्हणाला. आमच्या चार-चार फुटांवरच्या जॉइंटमध्ये जाळी होती, पण बोर्डावर थेट चिकटवून वरून पातळ हात मारलेला. त्याने पत्तीने टोक उचललं आणि ओढलं, तर पूर्ण पट्टी सरसर हातात आली.

पंख्याजवळची तिरकी चीर वेगळ्याच कारणाची निघाली आणि हे मुंबईत बऱ्याच घरांत असणार म्हणून सविस्तर लिहिते. फॉल्स सीलिंगमध्ये पंखा बोर्डाला टांगत नाहीत, स्लॅबच्या हुकाला लांब दांडीने टांगतात आणि दांडी बोर्डाच्या भोकातून खाली येते. ते भोक दांडीपेक्षा मोठं आणि मोकळं हवं, वरची झाकणकटोरी बोर्डाला टेकता कामा नये. आमच्याकडे भोक जरा वेडंवाकडं कापलं गेलं असावं, ते झाकायला दांडीभोवती पीओपी गच्च भरलेला आणि कटोरी वर सरकवून त्याला घट्ट टेकवलेली. म्हणजे पंखा चालू असताना त्याची सगळी थरथर बोर्डाला. मिस्त्रीने कटोरी दोन बोटं खाली घेतली, पंखा पाचावर लावला आणि मला स्टुलावर चढवून बोर्डाला हात लावायला सांगितलं. मग कटोरी वर टेकवून पुन्हा हात लावायला सांगितलं. हाताला झिणझिण्या आल्या. त्या चिरेवर आधीच्या रंगाऱ्याने दोन वेळा पुट्टी भरली होती!

भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कडेच्या बारीक फटीचं निदान त्याने चालता चालता केलं. भिंत विटेची-प्लास्टरची, छत पत्र्यावर टांगलेलं, दोघं वेगवेगळे हलणार. तिथे कडक काही भरलं की फुटणारच. त्यावर रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट भरायचं, सिलिकॉन नाही, सिलिकॉनवर रंग चढत नाही. झालं.

पॅसेजच्या डागाला मात्र त्याने हात लावायला साफ नकार दिला. अंगठ्याने दाबलं तर बोर्डात अंगठ्याचा खळगा उमटला. "पाणी थांबल्याशिवाय मी हितं काम करणार नाही. केलं तर तुमचे पैसे पाण्यात." दोन फुटांचा मऊ पडलेला तुकडा कापून काढला, भोक उघडं ठेवलं आणि वरच्या घरात जाऊन बोला म्हणाला. वरच्या काकू भल्या आहेत, पण "आमचं बाथरूम तुमच्या पॅसेजवर येतच नाही" यावर ठाम. बरोबरही होतं त्यांचं. पण पाणी जिथे झिरपतं तिथेच गळत नाही, स्लॅबच्या खालून वाट काढत जातं आणि सोयीच्या जागी टपकतं. मिस्त्रीने सांगितलेली तपासणी सोसायटीच्या प्लंबरने केली. वरच्या बाथरूमची नहाणी (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून दोन इंच पाणी साठवलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. खाली आमच्या उघड्या भोकातून स्लॅब कोरडाच. म्हणजे फरशीखालचं वॉटरप्रूफिंग ठीक. मग नहाणी उघडून पाणी सोडलं आणि थोड्या वेळात थेंब जमायला लागले. नहाणी ट्रॅपच्या पाईपचा सांधा. अख्खं बाथरूम फोडायचं वाचलं म्हणून वरच्या काकूंनी नंतर अळूवडी पाठवली. या तपासणीशी मिस्त्रीचा पैशाचा काहीच संबंध नव्हता, तरी फोन करून विचारत राहिला.

प्रत्यक्ष काम नवरात्र संपल्यावर सुरू केलं. दिवाळीच्या तोंडावर मुंबईतला एकही रंगारी मोकळा नसतो, त्यामुळे आधीच वार ठरवून ठेवला होता. सगळ्यात आधी स्क्रू. जॉइंटच्या दोन्ही कडांना काळे 25 मिलिमीटरचे स्क्रू मारत गेला, डोकं कागदाच्या जरासं आत जाईल पण कागद फाटणार नाही इतपत. जुने ज्यांनी कागद फाडला होता ते काढून शेजारी नवे. त्या सोळा फुटी रेघेसाठी लाईटच्या भोकांतून आणि दोन जागी कापलेल्या छोट्या खिडक्यांतून सेक्शनचे तुकडे आत सरकवले, जॉइंटच्या पाठीवर धरले आणि दोन्ही बोर्ड त्याला स्क्रूने आवळले. याला वेळ फार गेला, खाली उतरताना त्याची मान वाकडी झाली होती. पण त्यानंतर तळहाताने ढकललं तर छत ढिम्म हललं नाही.

मग जुना पीओपी आणि जाळी खरवडून फट थोडी उघडी केली, धूळ ब्रशने झाडली, मसाला भरला. कागदी टेप ओल्या हाताने पुसून त्यावर बसवली आणि रुंद पत्तीने मधून बाहेरच्या बाजूला दाब देत हवा काढली. एका ठिकाणी शेंगदाण्याएवढा फुगा राहिला होता. मी खालून बघत होते, मला वाटलं वरून मसाला बसला की झाकेल. त्याने ती फूटभर टेप फाडून काढली आणि पुन्हा लावली. "हा फुगा आज झाकंल, सहा महिन्यांनी उघडंल." मदतनीस पोरगं मात्र वैतागलं होतं.

पहिला हात अरुंद, दुसरा त्याच्याहून रुंद, तिसरा एक फुटापर्यंत पसरवून कडा शून्य केलेल्या. दोन हातांच्या मध्ये तो वाळायला थांबतो आणि इथेच बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. मधल्या एका संध्याकाळी अवकाळी सर आली, तर दुसऱ्या दिवशी येऊन नखाने मसाला तपासला आणि चहा पिऊन परत गेला. मला घाई होती, कारण दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आणि हॉलमध्ये घोडा उभा. पण ओलसर थरावर पुढचा थर चढवला तर आतला आक्रसताना वरचा फाटतो, आणि पंखा फुल्ल लावून वाळवलं तर वरून सुकतं आतून नाही, हे त्याने एवढ्या शांतपणे सांगितलं की भांडताही आलं नाही.

घासायच्या वेळी खोलीतले दिवे बंद करून टॉर्च छताला जवळजवळ समांतर धरला. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. जिथे सावली तिथे पॉलिशपेपर. प्रोफाइल लाईटचा उजेड छताला घासूनच पडतो, त्यामुळे ही तपासणी आमच्यासारख्या घरात फार महत्त्वाची.

आता अर्धा तारा कुठे गेला ते. धूळ. जिप्समची धूळ मैद्याहून बारीक असते आणि हा माणूस स्वतः तोंडाला मास्क लावतो पण घरातल्या वस्तूंचं त्याला काही पडलेलं नाही. फर्निचरवर प्लॅस्टिक टाकलं, ते दोन खुर्च्यांच्या मध्ये फाटलेलं. माझ्या मशीनवर चादर होती, तरी धूळ शटलमध्ये शिरली, तिथल्या तेलात मिसळून तिचा चिखल झाला आणि बॉबीन केस अडकायला लागली. मशीन मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्यावं लागलं. सांगितलं तर म्हणाला, "मशीन आतल्या खोलीत न्यायची होती काकू." अहो, मग आधी सांगा ना, तुमचं कामच आहे ते! वेळेचाही आनंदच. दहा म्हणजे साडेअकरा, आणि फोन दुपारी बंद.

रंगाबद्दल तक्रार नाही, पण माहिती असावी म्हणून सांगते. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता की नुसत्या पट्ट्या रंगवल्या तर उजेडात त्या वेगळ्या दिसतील, छत पूर्ण रंगवावं लागेल आणि आधी सगळीकडे प्रायमर. त्याचा रंगारी वेगळा, पैसे वेगळे. जॉइंट, सेक्शन, सीलंट आणि पंख्याचं भोक मिळून साडेतेरा हजार, रंगाचे पाच. पॅसेजचा तुकडा नंतर, पूर्ण वाळल्यावर, हिरवट रंगाच्या ओल सोसणाऱ्या बोर्डाने बदलला, त्याचे पंधराशे. तेव्हाही बजावलं की हिरवा बोर्ड म्हणजे गळतीची परवानगी नव्हे. सगळं धरून नव्या सीलिंगच्या निम्म्याहून कमी. पक्कं बिल मागितलंत तर देत नाही, साध्या कागदावर लिहून देतो. ज्यांना बिल लागतं त्यांनी दुसरीकडे बघावं.

सध्याची स्थिती अशी. हॉलचे चारही जॉइंट बंद. पंख्याजवळ काही नाही, कटोरी आता बोर्डापासून बोटभर खाली असते आणि ती फट दिसते, मुलाला आवडत नाही, मला चालते. पॅसेजचा तुकडा पावसाळाभर कोरडा राहिला. एसीच्या कोपऱ्यात भिंतीच्या कडेचं सीलंट वीतभर सुटलं होतं, ते त्याने दुसऱ्या घरी जाता जाता येऊन भरून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

बेडरूमचं सीलिंग त्याच इंटीरियरवाल्याचं आहे आणि तिथेही एक रेघ दिसायला लागलीय. येत्या पावसात पाचशे रुपये देऊन आधी दाखवून घेणार आहे. या वेळी मशीन कापडासकट माहेरी पाठवते.